स्टेफनी शर्ली : सहा पौंडांची कंपनी आणि घराघरांतून झालेलं प्रोग्रॅमिंग

किरमिजी (धागाकर्ती)

घरून काम करणाऱ्या बायकांना घेऊन ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर कंपनी उभी करणाऱ्या स्टेफनी शर्ली ९ ऑगस्ट २०२५ ला गेल्या. वय ९१. त्यांचा विषय निघाला की बहुतेक वेळा एकच किस्सा पुढे येतो. स्टेफनी नावाने पाठवलेल्या पत्रांना कंपन्या दाद देत नव्हत्या, मग नवऱ्याने सुचवल्यावरून त्यांनी घरच्या 'स्टीव्ह' या नावाने सही करायला सुरुवात केली आणि कामं मिळू लागली. किस्सा खरा आहे, त्यांनी स्वतः तो अनेकदा सांगितला आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर बाईंचं खरं काम बाजूलाच राहतं. सही बदलून फार तर एक भेट मिळेल. १९६० च्या दशकात घरी मुलं सांभाळणाऱ्या बायकांकडून काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग करून घेणं, तेही आधी ठरवलेल्या रकमेत, हे सहीने होत नाही. ते कसं जमवलं, त्यावर लिहायचं आहे.

आधी थोडक्यात पूर्वपीठिका. जन्म १९३३, जर्मनीतलं डॉर्टमुंड. मूळ नाव व्हेरा बुखथाल. वडील ज्यू, न्यायाधीश होते. नाझी राजवटीत ते पद गेलं. १९३९ मध्ये ज्यू मुलांना ब्रिटनमध्ये नेणाऱ्या एका गाडीत आईवडिलांनी व्हिएन्नाहून दोघी बहिणींना बसवलं. व्हेरा पाच वर्षांची, थोरली रेनाटे नऊची. इंग्लंडमध्ये एका निपुत्रिक जोडप्याने त्यांना वाढवलं. आईवडील पुढे वाचले, भेटलेही, पण तुटलेला धागा पुन्हा नीट जुळला नाही. मुलींच्या शाळेत हवं ते गणित शिकवत नव्हते, म्हणून खास परवानगी काढून ही मुलगी शेजारच्या मुलांच्या शाळेत गणिताच्या तासाला जाऊन बसायची.

अठराव्या वर्षी, १९५१ साली, लंडनमधल्या डॉलिस हिल इथल्या पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी लागली. युद्धकाळात जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडणारा कोलोसस हा कॉम्प्युटर टॉमी फ्लॉवर्स यांनी बांधला तो याच जागी. तेव्हा ते सगळं सरकारी गुपित होतं, त्यामुळे आपल्या बाजूला बसणारी माणसं काय करून बसली आहेत हे या मुलीला कळण्याची सोय नव्हती. तिथे इलेक्ट्रॉनिक टेलिफोन एक्स्चेंजवर आणि 'अर्नी'वर काम केलं. अर्नी म्हणजे प्रीमियम बाँडच्या (व्याजाऐवजी सोडतीत बक्षीस देणाऱ्या ब्रिटिश सरकारी रोख्यांच्या) सोडतीचे आकडे काढणारं यंत्र. हे सुरू असतानाच सहा वर्षं संध्याकाळच्या वर्गांना जाऊन गणिताची पदवी घेतली.

१९५९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डेरेक शर्ली यांच्याशी लग्न. मग कॉम्प्युटर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी. तिथे एका बैठकीत धंद्याच्या धोरणावर काही सुचवायला गेल्या, तर तुम्ही तांत्रिक बाजूच्या, हा तुमचा प्रांत नाही असं तोंडावर ऐकवलं. १९६२ साली नोकरी सोडली आणि सहा पौंड भांडवलावर 'फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स' सुरू केली. ऑफिस म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल.

आता मुद्द्याचं. त्या काळी ब्रिटनमध्ये कॉम्प्युटर कंपन्यांनी आणि मोठ्या कारखान्यांनी पैसे खर्चून शिकवून तयार केलेल्या कितीतरी प्रोग्रॅमर मुली लग्न झालं, पहिलं मूल झालं की घरी बसत. कौशल्य पक्कं, अनुभव ताजा, आणि विचारणारं कोणी नाही. बाजारात तर प्रोग्रॅमरांचा तुटवडा. शर्लीबाईंनी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या. शिवाय आणखी एक गोष्ट त्यांना आतून ठाऊक होती: प्रोग्रॅमिंगला कॉम्प्युटर समोर लागतच नाही. काम होतं पेन्सिल आणि कागदावर. आधी फ्लोचार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्यांची आकृती, मग कोड, बहुधा मशीन कोड, म्हणजे यंत्राला थेट कळणाऱ्या सूचना. ते कागद पोस्टाने पंचिंगच्या जागी जायचे, तिथे टेपवर किंवा कार्डांवर भोकं पाडली जायची, पडताळणीसाठी दुसऱ्यांदा पंचिंग व्हायचं, आणि मग कुठे यंत्राची गाठ पडायची. म्हणजे ऑफिसात येऊन बसण्याची जी अट होती ती रिवाजाची होती, कामाची नव्हती.

त्यामुळे उमेदवारांना त्या एक प्रश्न हमखास विचारत: घरी टेलिफोन आहे का? आणि कंपनीचा थाट दिसावा म्हणून स्वतः फोनवर बोलताना मागे टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावत. त्या आवाजात बाळाचं रडणंही झाकलं जायचं.

१९६६ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. ॲन मॉफट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कागदावर लिहीत आहेत, शेजारी बाबागाडीत बाळ. ते कागद काँकॉर्डच्या ब्लॅक बॉक्सच्या कामाचे. मॉफट पुढे कंपनीच्या तांत्रिक संचालक झाल्या. मला शर्लीबाईंच्या पुरस्कार घेतानाच्या कुठल्याही फोटोपेक्षा हा फोटो जास्त बोलका वाटतो.

---

सदाफुली_०७

किती सुरेख लिहिलंय! नाव फक्त ऐकून होते. एक शंका, वेडगळ वाटली तरी विचारते. कॉम्प्युटर जवळ नसताना प्रोग्रॅम बरोबर आहे हे कळायचं कसं? आम्ही दोन ओळी लिहिल्या की लगेच रन करून बघतो.

---

ऐंशी_कॉलम

सदाफुली, शंका अगदी रास्त आहे. मी सत्तरच्या दशकात मुंबईत एका कंपनीच्या पंचिंग विभागात होते, म्हणून त्या बाजूचं सांगते.

प्रोग्रॅमर मंडळी कोडिंग शीटवर लिहून देत. चौकोन आखलेला कागद, एका चौकोनात एक अक्षर, एक ओळ म्हणजे एक कार्ड, कार्डाला ८० कॉलम. ज्याचं अक्षर वाईट त्याचा गठ्ठा कोणी उचलायला तयार नसे. शून्य आणि इंग्रजी ओ यांत घोळ होऊ नये म्हणून त्यातल्या एकावर तिरकी रेघ मारायची, आणि कशावर मारायची याचा नियम पाळला नाही की सगळं मुसळ केरात.

एक मुलगी पंच करायची. मग तोच कागद आणि तीच कार्डं दुसरीकडे जात. ती व्हेरिफायरवर बसून सगळं पहिल्यापासून पुन्हा टाइप करायची. हे यंत्र भोकं पाडत नाही, आधीचं भोक आणि आत्ता दाबलेली कळ जुळते का एवढंच बघतं. जुळलं नाही की कळफलक अडतो आणि दिवा लागतो. पुन्हा दाबून पाहायचं. तरीही जुळलं नाही तर कार्डाच्या वरच्या कडेला, नेमक्या त्या कॉलमच्या डोक्यावर खाच पडते. सगळं कार्ड बरोबर निघालं तर खाच उजव्या कडेला. त्यामुळे गठ्ठा हातात घेऊन कडा नुसत्या बोटाने चाचपल्या तरी किती कार्डं परत करावी लागणार याचा अंदाज यायचा.

आणि एवढं होऊनही आमच्याकडून फक्त लिहिलेलं जसंच्या तसं उतरलं आहे याची खात्री. मुळात लिहिणाऱ्यानेच चूक केली असेल तर आम्ही ती चूक इमानाने दोनदा टाइप करणार! म्हणून चांगला प्रोग्रॅमर कागद द्यायच्या आधी ड्राय रन करायचा. शेजारी दुसरा कागद, त्यावर प्रत्येक चलाच्या (व्हेरिएबलच्या) नावाचा रकाना, आणि एकेक ओळ वाचत त्या रकान्यातले आकडे खोडून नवे लिहायचे. जणू आपणच यंत्र. आमच्याकडे स्वल्पविरामाची चूक निघाली तरी दुरुस्त कार्ड पंच होऊन पुन्हा नंबर लागेपर्यंत दुसरा दिवस उजाडायचा. एवढा उशीर परवडत नाही म्हटल्यावर माणूस आपोआप विचार करून लिहितो.

किरमिजीताईंनी लिहिलंय ते मला एकदम पटलं. ड्राय रन घरच्या टेबलावर ऑफिसपेक्षा चांगला होतो, बाळ झोपलेलं असेल तर.

---

किरमिजी

ऐंशी_कॉलम, खाचेची ही गोष्ट मला माहीत नव्हती. मनापासून आभार. पंचिंगवाल्या मुली या इतिहासात कुठेच येत नाहीत, तुम्ही लिहीत राहा.

---

तिखटमीठ

लेख चांगला, पण एक प्रश्न विचारायलाच हवा. पहिल्या तीनशे माणसांत पुरुष फक्त तीन होते असं वाचलं आहे. हेच एखाद्या पुरुषाने उलट केलं असतं तर आपण त्याला अन्यायच म्हटलं असतं ना? मग इथे कौतुक का?

---

किरमिजी

तिखटमीठ, आकडा बरोबर आहे, तीनशेपैकी २९७ बायका.

उलट केलं असतं तर, असं तुम्ही म्हणता. त्या वेळी उलटंच सुरू होतं, सगळीकडे. डॉलिस हिलला शर्लीबाई लागल्या तेव्हा एकाच कामाला बाईची आणि पुरुषाची वेतनश्रेणी वेगवेगळी होती, तीही छापील. नवऱ्याच्या परवानगीशिवाय आपल्याला बँकेत खातं उघडता येत नव्हतं, असं त्यांनी २०१५ च्या टेड भाषणात सांगितलं आहे. अशा बाजारात ज्यांना कोणी घेत नव्हतं त्यांना घेणारी एक कंपनी निघाली, तर तिने कुणाच्या तोंडचा घास काढला असं मला वाटत नाही. त्या पुरुषांना बाकीचा सगळा बाजार मोकळा होता.

पण कायद्याने तुमचंच म्हणणं मान्य केलं. १९७५ साली ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदा आला आणि फक्त बायकांना प्राधान्य देण्याचं हे धोरण बेकायदेशीर ठरलं. बायकांसाठी झालेल्या कायद्यामुळे बायकांच्या कंपनीला पुरुषांसाठी दार उघडावं लागलं. शर्लीबाईंनी ते उघडलं, कंपनी पुढेही वाढतच गेली. माझ्या मते धोरण त्या तेरा वर्षांसाठी योग्य होतं आणि बदललं तेही योग्य वेळी.

---

रोहिणी_नक्षत्र

मला वेगळीच बाजू खटकते. घरून काम, तासांची मोकळीक, हे ऐकायला गोड. पण फ्रीलान्सर म्हणजे पगारी रजा नाही, पेन्शन नाही, काम नाही तर पैसा नाही. ऑफिसचं भाडं वाचलं, वीज वाचली, बाळंतपणाची रजा वाचली. शिवाय घर आणि मूल बाईनेच सांभाळायचं हे गृहीत धरूनच सगळी रचना उभी. मी स्वतः घरून कामाचे ठेके घेतलेत. कागदावर आपल्या वेळेचे आपण मालक. प्रत्यक्षात मुलं झोपल्यावर रात्री अकराला लॅपटॉप उघडायचा. त्या बायकांचं याहून निराळं असेल असं वाटत नाही. शर्लीबाईंच्या कर्तृत्वाला नमस्कार आहेच, पण त्या तीनशे जणींच्या बाजूनेही हा हिशोब मांडला पाहिजे.

---

किरमिजी

रोहिणी, हा आक्षेप वजनदार आहे आणि तो पूर्ण खोडता येईल असं मला वाटत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मंदीत कंपनी बुडता बुडता वाचली. अशा वेळी फ्रीलान्सरचीच कामं आधी आटतात हे उघड आहे.

मात्र हिशोब मांडायचाच तर दोन नोंदी जमेच्या बाजूला हव्यात. पहिली अशी की त्या बायकांपुढे दुसरा पर्याय पेन्शनवाल्या नोकरीचा नव्हता. पर्याय घरी बसण्याचा होता, आणि काही वर्षं हात सुटला की या क्षेत्रात परत येणं जवळपास अशक्य, कारण तोवर यंत्रंच बदललेली असत.

दुसरी नोंद मालकीची. १९८० च्या दशकापासून त्यांनी कंपनीचे शेअर कर्मचाऱ्यांच्या हाती द्यायला सुरुवात केली. पहिला चतुर्थांश हिस्सा तर स्वतःच्या वाट्यातून, इतर कुणालाही तोशीस न लावता. त्याला वर्षानुवर्षं लागली. करसल्लागार आणि वकील यांच्यातून वाट काढत ते केलं. १९९६ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात आली आणि या वाटपामुळे सत्तर कर्मचारी दशलक्षाधीश झाले, पौंडांत. सगळ्यांना ते मिळालं नाही, सुरुवातीच्या कितीतरी जणी तोवर निघून गेल्या असणार. पण संस्थापकाने आपला वाटा जिवंतपणी असा हातावेगळा करावा हे मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

---

हिरवा_चाफा

इथे सहसा लिहीत नाही, नुसती वाचते. आज लिहावंसं वाटलं.

शर्लीबाईंच्या मुलाबद्दल अजून कोणी बोललेलं नाही. जाइल्स, जन्म १९६३. म्हणजे कंपनी एका वर्षाची असताना. पहिली दोनेक वर्षं सगळं ठीक होतं. मग हळूहळू त्याचं होतं नव्हतं ते बोलणं गेलं. तीव्र स्वरूपाचं ऑटिझम. पुढे फिट्सही येऊ लागल्या.

माझा मुलगा आता तरुण आहे, तोही बोलत नाही. त्यामुळे मी या बाईंचं चरित्र कॉम्प्युटरच्या बाजूने वाचलंच नाही, या बाजूने वाचलं. लोक म्हणतात एवढा व्याप आणि असं मूल, कसं जमवलं असेल. मला विचाराल तर काही काळ नाहीच जमलं. जाइल्स वाढत्या वयात अनावर झाला, त्याला मोठ्या इस्पितळात ठेवावं लागलं, आणि बाईंनाही एकदा मानसिक त्रासामुळे उपचार घ्यावे लागले. यशाच्या कहाण्यांत हा भाग गाळतात. त्यांनी स्वतः गाळला नाही, याचं मला मोल आहे.

त्यानंतर जे केलं ते मात्र कॉम्प्युटरवालीने करावं तसंच केलं. मुलाला इस्पितळातून बाहेर काढायचं तर त्याच्यासाठी घर हवं, घरात शिकवलेली माणसं हवीत, माणसं टिकवायची तर संस्था हवी. त्यातून किंगवुड ही संस्था उभी राहिली, ऑटिझम असलेल्या प्रौढांना आधार देऊन नेहमीच्या घरात राहता यावं म्हणून. मग प्रायर्स कोर्ट ही शाळा. मग ऑटिझमवरच्या संशोधनासाठी ऑटिस्टिका. जाइल्स त्या घरात राहिला. १९९८ मध्ये गेला, ३५ वर्षांचा असताना. शाळा त्यानंतर सुरू झाली, म्हणजे त्याला तिचा काही उपयोग नव्हता. तरी उभी केली.

आमच्यासारख्या आईवडिलांचा एकच प्रश्न असतो, आपल्यामागे याचं काय. प्रौढांसाठी राहण्याची चांगली सोय शोधायला मी फिरलेय, एका ठिकाणी तर मुलाला न बघताच नाही म्हणाले. म्हणून या बाईंनी दिलेल्या पैशांपेक्षा मला त्यांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी एका मुलासाठी एक घर नीट चालवून दाखवलं, मग वाढवलं.

---

सदाफुली_०७

हिरवा चाफा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. प्रौढांच्या सोयीवर तुम्हाला जे कळलंय त्यावर वेगळा धागा काढाल का? माझ्या मावशीकडे हाच प्रश्न उभा आहे.

---

हिरवा_चाफा

काढते. थोडा वेळ द्या, जागांची माहिती नीट लावून मग टाकते.

---

कोथरूडचा_सुधीर

थोडी पुण्याची भर. ही कंपनी पुढे एफ इंटरनॅशनल, मग एफआय ग्रुप आणि शेवटी २००१ च्या सुमारास 'झान्सा' झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्यांनी दिल्लीजवळची आयआयएस इन्फोटेक घेतली आणि भारतात पसरले. नोएडा, चेन्नई आणि आपलं पुणे. २००७ मध्ये फ्रान्सच्या स्टेरियाने झान्सा विकत घेतली. शर्लीबाई १९९३ मध्येच निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे इथल्या कारभाराशी त्यांचा थेट संबंध नाही. तरी आयटीतल्या ज्या पुणेकरांनी झान्साचं ओळखपत्र गळ्यात घातलं, त्यांच्यापैकी किती जणांना माहीत असेल की कंपनीचं मूळ इंग्लंडातल्या एका खेड्यातल्या जेवणाच्या टेबलावर आहे? माझ्या ओळखीच्या एकालाही नव्हतं.

आता माझा प्रश्न. मी सध्या प्रोजेक्टचे अंदाजच काढतो, म्हणून किरमिजी यांनी सुरुवातीला 'ठरवलेल्या रकमेत' असं लिहिलंय तिथे अडकलो. १९६० च्या दशकात, अर्धवेळ काम करणाऱ्या, एकमेकींना क्वचित भेटणाऱ्या बायका, आणि फिक्स्ड प्राइस? आम्हाला आज सगळे एका मजल्यावर असून अंदाज चुकतो.

---

किरमिजी

सुधीर, या प्रश्नाची वाटच बघत होते, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

तासांवर बिल लावलं असतं तर गिऱ्हाइकाने पहिला प्रश्न विचारला असता, कोण किती तास बसतं आणि कुठे बसतं. मग घरून, अर्धवेळ हे सगळं उघडं पडलं असतं. म्हणून एकच रक्कम सांगायची, तेवढ्यात चालणारा प्रोग्रॅम हातात द्यायचा, मधलं आमचं आम्ही बघू. त्या काळी अशी बोली करणारे फार थोडे होते. म्हणजे बाजारात जी त्यांची अडचण समजली गेली असती, तिच्यामुळेच त्या व्यवहाराच्या एका नव्या पद्धतीकडे ढकलल्या गेल्या.

पण अशी बोली करायची तर अंदाज चुकून चालत नाही, आणि अंदाज बरोबर यायचा तर कामाचे तुकडे सारखे हवेत. इथे त्यांना सुरुवातीच्या एका कामाचा फायदा झाला. ते काम प्रोग्रॅम लिहिण्याचं नव्हतंच, प्रोग्रॅमिंगच्या कामावर व्यवस्थापनाने नियंत्रण कसं ठेवावं याचे मानक नियम तयार करून देण्याचं होतं. कोणत्या टप्प्याला कोणता कागद तयार झाला पाहिजे, तो कोणी तपासायचा, तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, या धर्तीचं. गिऱ्हाइकासाठी केलेले तेच नियम त्यांनी आपल्या कंपनीला लावले, वर्षानुवर्षं सुधारले, त्या सुधारणांचेही पैसे मिळवले. पुढे ते नाटोने स्वीकारले.

आणि याचा संबंध ऐंशी_कॉलम यांनी सांगितलेल्या ड्राय रनशी आहे. एकत्र बसणाऱ्या गटात निम्मी माहिती तोंडी फिरते. कुणीतरी ओरडून विचारतं, कुणीतरी सांगतं, लिहून कोणीच ठेवत नाही. शर्लीबाईंच्या बायकांना ती चैन नव्हती. एकीचं मूल तापाने फणफणलं तर तिचा फ्लोचार्ट दुसऱ्या गावातल्या दुसरीला पोस्टाने जायचा, आणि तिने तो बघून पुढची ओळ लिहायला हवी. मग लिहिलेलं स्पष्टच असावं लागतं. तुमच्या मजल्यावरच्या लोकांना ही सक्ती नाही, म्हणून तुमचा अंदाज चुकत असावा असं मला वाटतं.

---

कोथरूडचा_सुधीर

हे पटलं. आमच्याकडे एक जण रजेवर गेला की काम दोन दिवस ठप्प, कारण सगळं त्याच्या डोक्यात. सोमवारच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा मांडतो: प्रत्येक तुकड्याचा कागद असा हवा की न भेटलेल्या माणसाने तो उचलून पुढे न्यावा.

---

रोहिणी_नक्षत्र

किरमिजी, शेअरवाटपाचा मुद्दा मान्य. आक्षेप मागे घेत नाही, पण हिशोब आता दोन्ही बाजूंनी मांडलेला दिसतो. टेड भाषणाचा उल्लेख आलाच आहे तर त्यातलं मला लक्षात राहिलेलं एक सांगते. महत्त्वाकांक्षी बायका त्यांच्या डोक्याच्या आकारावरून ओळखता येतात, असं त्या म्हणाल्या होत्या. वरून चपटं झालेलं असतं, लोकांनी लहान मुलीला थोपटावं तसं वरवरच्या कौतुकाने थोपटून थोपटून.

---

ऐंशी_कॉलम

रोहिणी, हे आमच्या विभागातल्या प्रत्येकीला ऐकवायला हवं होतं! सदाफुली, तुला ड्राय रन करून बघायचा असेल तर एखादा छोटा प्रोग्रॅम कागदावर लिही, दहा आकडे चढत्या क्रमाने लावण्याचा चालेल. फोटो इथे टाक. आपण दोघी रकाने आखून एकेक ओळ चालवून बघू.